नारायणशेटचा मुका माणूस

सन १९३३, अक्षय्य तृतीया, सकाळची वेळ. पगार दरमहा नऊ रुपये, वर दिवाळीला एक धोतरजोडी. हजर असामी चार: गुळाचे अडते नारायणशेट, पंचवटीतले भिकंभट, भिकंभटांचा पुतण्या पुरुषोत्तम आणि मी. मी शेजारच्या अडतीत दिवाणजी होतो. नोकर ठेवताना नारायणशेट बाहेरचा एक माणूस साक्षीला बोलावत, म्हणजे पुढे पगारावरून तंटा झाला की "दिवाणजींच्या समक्ष ठरलंय" असे म्हणता येई. तंटे त्यांच्याकडे नेहमीच होत.

"मुलाचं नाव काय?" शेटांनी विचारले. मुलगा सव्वीस वर्षांचा होता.

"पुरुषोत्तम," भिकंभट म्हणाले.

"त्यालाच विचारतो मी."

पुरुषोत्तमाने ओठ मिटले आणि ते मिटलेलेच राहिले. मानेची शीर फुगली, डावा डोळा बंद झाला, उजवी टाच फरशीवर आपटू लागली. मग एक "प" आला, त्याच्यामागून आणखी चार आले, आणि शेवटी मागून कोणी ढकलल्यासारखे सगळे नाव एकदम बाहेर पडले. भिकंभट उपरण्याने कपाळ पुसत होते.

"लहानपणापासूनचं आहे शेट. बाकी अक्षर चांगलं, हिशेब चोख, व्यसन नाही."

"अहो भटजी, वाईट का वाटून घेता?" नारायणशेट हसून म्हणाले. "मला असाच माणूस हवा होता. बोलणारे पुष्कळ ठेवून पाहिले."

भिकंभटांना हा शेटांचा मोठेपणा वाटला. त्यांनी तिथल्या तिथे आशीर्वादाचा श्लोक म्हटला, तोही पैसे न घेता. मला मात्र शेट कशाला हसले ते तेव्हाच समजले. ते सांगण्याआधी बाजाराची रीत सांगितली पाहिजे.

त्या काळी गुळाचा भाव कोणी तोंडाने बोलत नसे. शेतकरी ढेपा मांडून बसे. अडत्याचा माणूस उपरण्याखाली हात धरी. घेणारे व्यापारी एकेक करून पुढे येत, उपरण्याखाली हात घालत आणि त्याची बोटे धरत. पहिल्यांदा धरलेली बोटे म्हणजे रुपये, दुसऱ्यांदा धरलेली म्हणजे आणे. सबंध पंजा म्हणजे पाच. याला हत्ता म्हणत. सगळे हात होऊन गेले की अडत्या भाव जाहीर करी. कोणी किती दिले हे त्या हाताला ठाऊक आणि ज्याने दिले त्याला ठाऊक. ज्याचा माल, तो शेतकरी समोर बसून उपरणे हलताना पाही. त्याला आमच्या बाजारात पाहुण्यासारखे वागवत, म्हणजे चहा देत आणि आतले काही सांगत नसत.

नारायणशेटांचा एक मेहुणा गुळाचा व्यापारी होता. उपरण्याखाली सगळ्यांत मोठा भाव कोणीही देवो, चांगला माल बहुतेक वेळा मेहुण्याला जाई, आणि जाहीर होणारा भाव दोन-चार आण्यांनी उतरलेला असे. हे बाजारात सगळ्यांना माहीत होते. इतर अडतीही फार निराळ्या नव्हत्या. नारायणशेट फक्त ते अधिक गोड बोलून करत. शहरात कोणाचाही सत्कार असो, आभार मानायला नारायणशेट. बोलायला लागले की सत्य, सचोटी आणि शेतकरीराजा हे तीन शब्द पहिल्या पाच वाक्यांत यायचेच. टाळ्या पडत. टाळ्या वाजवणाऱ्यांत निम्मे लोक बाजारातलेच असत, हे मला अजूनही सर्वांत किळसवाणे वाटते.

स्वतः हत्ता करणे शेटांना गैरसोयीचे होते. देवाची शपथ घेण्याची वेळ आली तर "माझ्या हाताला काही ठाऊक नाही" असे खरे सांगता आले पाहिजे. त्यासाठी दुसऱ्याचा हात पाहिजे, आणि त्या हाताच्या वरच्या बाजूला तोंड नको.

पुरुषोत्तमाचे घराणे तोंडावरच जगणारे होते. बाप लवकर गेला. भिकंभट यात्रेकरूंचे क्षेत्रोपाध्ये; रामकुंडावर संकल्प सांगून, श्राद्धे करवून त्यांनी दोन घरे बांधली. पुतण्यालाही त्यांनी तेच शिकवले. गंमत अशी की मंत्र म्हणताना पुरुषोत्तम अडत नसे. चालीवर चढला की त्याची वाणी काकांपेक्षा स्वच्छ होती. परंतु संकल्पात मध्ये यजमानाचे गोत्र आणि नाव घालावे लागते, आणि ते दर वेळी नवे असते. तिथे गाडी थांबे.

एका पौषात, मीही स्नानाला गेलो असताना, वऱ्हाडातले एक गृहस्थ पहाटे कुंडात कमरेइतक्या पाण्यात ओंजळीत पाणी धरून उभे होते. पुरुषोत्तम काठावरून संकल्प सांगत होता. गोत्रापाशी आला आणि अडला. गृहस्थ कुडकुडत होते. ओंजळीतले पाणी गळून गेले, त्यांनी पुन्हा भरून घेतले, तेही गळून गेले. शेवटी ते म्हणाले, "महाराज, गोत्र राहू द्या, मला नुसतं वर येऊ द्या."

काठावरचे सगळे भटजी हसले. भिकंभटांनी पुतण्याला बाजूला सारले, उरलेला संकल्प घाईघाईने उरकला, दक्षिणा घेतली आणि त्याच दिवशी ठरवले की या मुलाला घाटावर आणायचे नाही. त्या हसणाऱ्यांत असे तिघे होते की ज्यांना आपण म्हणतो त्या मंत्रांतल्या एका ओळीचाही अर्थ सांगता आला नसता. पण ते न अडखळता म्हणत, म्हणून ते विद्वान.

उपाय तर सगळे झाले होते. वैद्यांनी वेखंड उगाळून जिभेला लावले, अक्कलकरा चघळायला लावला. जीभ बधिर झाली आणि जे येत होते तेही बंद झाले. एका हरिदासबुवांनी तोंडात गोट्या धरून बोलायला सांगितले. त्यातली एक त्याने गिळली. शेजारच्या एका म्हातारीने सांगितले की पोपटाने उष्टावलेले पेरू खाऊ घाला. भिकंभटांनी पिंजऱ्यासह पोपट आणला आणि वर्षभर मुलाला त्याचे उष्टे चारले. पुढे ओळख वाढल्यावर मी त्याला विचारले, गुण आला का? तो म्हणाला, "आ... आला की. पोपट अ... अडखळायला लागला."

परंतु हे असे बोलणे फार पुढचे. नोकरीला लागला तेव्हा तो बोलतच नसे. मानेने हो, मानेने नाही, बाकी बोटांनी. आठ-पंधरा दिवसांत शेतकरी समजले की हा मुका आहे. त्याने त्यांना तसे समजू दिले. नारायणशेटांनी तर ते उचलूनच धरले. "आमचा मुका भट," असे ते नव्या गिऱ्हाइकाला सांगत, आणि वर, "देवानं वाचा घेतली, पण हातात सचोटी दिली," असे जोडत. मुका भट खाली मान घालून उपरणे पसरी.

या काळाबद्दल मला त्याची काडीची किंमत वाटत नाही. ते मी त्याला तोंडावर सांगितले होते. आम्ही एकाच गल्लीत राहत होतो. रविवारी तो माझ्या ओट्यावर येऊन बसे आणि माझ्याशी बोले, कारण मी घाई करत नसे. मला घाई करायला बोलण्यासारखे फारसे नसतेच.

"तू मुका नाहीस," मी म्हटले.

"म... मुक्याला लोक जागा देतात," तो म्हणाला. "च... चहा देतात. तोतऱ्याला न... नक्कल करून दाखवतात."

"आणि तुझ्या हातावर जी चोरी चालते ती?"

त्याने खांदे उडवले. "मी कु... कुठे भाव सांगतो? भाव श... शेट सांगतात."

म्हणजे शेटांची शपथ शेटांपुरती होती आणि याची याच्यापुरती. दोघांनी मिळून एक खोटेपणा असा वाटून घेतला होता की कोणाच्याच वाट्याला तो आला नाही. मी त्याला चहा दिला नाही त्या दिवशी.

भिकंभट मात्र समाधानी होते. पुतण्याचा हात रोज कुणब्यांच्या, मोमिनांच्या हातांत जातो याचे त्यांना आधी दुःख होते. नऊ रुपये घरात येऊ लागले तसे त्यांनी शास्त्र शोधून काढले की मध्ये उपरणे असल्यामुळे विटाळ होत नाही. उपरणे हातांच्या वर असे, मध्ये नव्हे. पण शास्त्राला इतके बारीक पाहायचे नसते.

असे पावणेदोन वर्षे चालले. १९३५ सालच्या माघात, गुळाची आवक जोरात असताना, कळवणकडच्या एका खेड्यातली सोनाबाई नावाची विधवा एक गाडी गूळ घेऊन आली. नवरा असताना तोच माल आणी. आता पहिल्यांदाच ती आली होती. गूळ बेचाळीस मण, पिवळाधमक, तोंडात टाकताच विरघळणारा. मी माझ्या पेढीवरून ती ढेप फोडताना पाहिली आणि मला वाटले, आज बाईला चांगला भाव येईल. मग आठवले की ती कोणाच्या अडतीत बसली आहे.

पुरुषोत्तमाने उपरणे धरले. सहा व्यापारी हात घालून गेले. त्यांत कासमभाई होते. कासमभाई गुळाचे मोठे खरेदीदार, मनाचे मोकळे, आणि त्यांना एक खोड होती: समोरचा बोलत असताना त्याचे वाक्य ते पुरे करत. भाषण चालू असले तरी करत. चुकीचे पुरे केले तरी त्यांना त्याचे काही नसे. बोलणाऱ्याला मदत होते अशी त्यांची समजूत होती.

हात संपले. पुरुषोत्तमाने रिवाजाप्रमाणे गादीआड शेटांना बोटे दाखवली. शेटांनी डोळे मिटले, देवाचे नाव घेतले आणि जाहीर केले, "चार रुपये तीन आणे. माल आमच्या मेहुण्यांचा. बाई, गुळाला जरा ओल आहे, नाहीतर आणखी एखादा आणा आला असता. पण तुमच्या मालकांचे आमचे जुने संबंध, म्हणून ओढून ताणून एवढा आणला."

सोनाबाईने हो म्हटले. दुसरे काय म्हणणार? ती उठली, पदर नीट केला आणि पुरुषोत्तमासमोर येऊन उभी राहिली. तिला कोणीतरी सांगितले होते की भाव याच्या हातात असतो. तिने त्याला खुणेने विचारले: हात पालथा केला, उताणा केला. बरोबर मिळाला ना, असे.

पुरुषोत्तम खाली पाहू लागला.

ती वळून आपल्या गाडीवानाला म्हणाली, "हाऊ मुका शे. बरं शे बापडानं. मुकाले पाप नही लागत."

तिने हे कुचकेपणाने म्हटले नव्हते. ती खरोखरच त्याचे बरे चिंतत होती. मी पेढीच्या पायरीवर होतो, दहा हातांवर. मला त्याचा चेहरा दिसला. रामकुंडावर सगळे हसले तेव्हाही तो मी पाहिला होता. तेव्हा तो लाल झाला होता. या वेळी तो पांढरा झाला.

त्याने ओठ उघडले. टाच आपटू लागली. गाडीवान दचकून मागे सरला; त्याला वाटले, फेफरे आले.

"बा... बा... बाई," तो म्हणाला.

सबंध ओळीतल्या पेढ्यांवरचे लोक पायऱ्यांवर आले. हमाल ढेप पाठीवर घेऊन तसेच उभे राहिले. मुका भट बोलतो आहे, हे काही त्यांना रोज पाहायला मिळणारे नव्हते.

"पुरुषोत्तम," नारायणशेट अतिशय गोड आवाजात म्हणाले, "तुला त्रास होतो बाळ. बस खाली. पाणी आणा रे कोणी."

"मी म... मुका नाही. तुमचा भ... भाव..."

"तुमचा भाव ठरला, असं म्हणतोय तो," शेट म्हणाले.

पुरुषोत्तमाने मानेने नाही म्हटले, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. "तुमचा भ... भाव. चार रुपये."

"चार रुपये तीन आणे, बरोबर," मेहुणा म्हणाला.

पुन्हा नाही. पुन्हा पहिल्यापासून. मी अनेक माणसे अडखळताना पाहिली आहेत. अडखळून लाजणारी, अडखळून चिडणारी. अडखळत असताना समोरच्यांकडे सरळ पाहणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. डोळा मिटत होता, शीर फुगत होती, तोंड वाकडे होत होते, आणि तो ते कोणापासूनही झाकत नव्हता.

"तुमचा भाव, चार रुपये, स... स... स..."

"सव्वाचार?" कोणी हमाल म्हणाला.

"साडेचार?" दुसरा.

"स... स..."

कासमभाईंना राहवेना. एवढा वेळ ते हात चोळत उभे होते. शब्द अर्ध्यात लोंबकळत राहिला की त्यांचा जीव गुदमरे. "अरे भटजी, सात बोल ना, सात!" ते म्हणाले. "चार रुपये सात आणे. मीच तर दिलेत. पंजा धरला आणि वर दोन बोटं. इतकं सोपं, आणि किती हैराण करतोस गरीब बाईला."

मग त्यांनी स्वतः काय म्हटले ते त्यांना ऐकू आले.

आमच्या बाजारात हत्त्याचा भाव तोंडाने सांगणे म्हणजे सोवळ्यातल्या माणसाने रस्त्यात धोतर सोडण्यासारखे होते. कासमभाईंनी जीभ चावली. पण शब्द सुटून गेला होता, आणि पन्नास माणसांनी तो ऐकला होता.

"सात," पुरुषोत्तम म्हणाला. आता तो मोकळा आला.

सोनाबाईला हिशेब कळायला वेळ लागला नाही. मणामागे चार आणे, बेचाळीस मण, साडेदहा रुपये. ती ढेपांवर जाऊन बसली आणि म्हणाली, "आमना गूळ उचलशात तर बघा." नारायणशेट बोलू लागले. त्या दिवशी ते जे बोलले त्यात बोटांचा गैरसमज होता, डोळ्यांचा दोष होता, नोकरांचा हलगर्जीपणा होता, आणि शेतकरीराजा दोनदा होता. सगळे अस्खलित. एकदाही जीभ अडली नाही. मी तेव्हापासून अस्खलित बोलणाऱ्या माणसाकडे जरा निरखून पाहतो.

माल कासमभाईंनी घेतला. चार रुपये सात आण्यांनी बेचाळीस मणांचे एकशे शहाऐंशी रुपये सहा आणे झाले. अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय मिळून पाच रुपये सहा आणे वजा जाऊन सोनाबाईला एकशे एक्याऐंशी रुपये मिळाले. तिने ते दोनदा मोजले. जाताना ती एकदा पुरुषोत्तमाकडे पाहून म्हणाली, "आते तुले बी पाप लागी, भाऊ." आणि हसली.

त्याची नोकरी त्याच दिवशी गेली. दिवाळीची धोतरजोडी शेटांनी परत मागितली. ती अंगावर होती म्हणून राहिली.

पुढचे आठ महिने त्याला कोणी उभे केले नाही. त्यात आमचे मालकही आले. सगळ्या बाजाराचे म्हणणे एकच: पोरगा प्रामाणिक आहे, पण आपल्याला कशाला? पावणेदोन वर्षे ज्याला मुका म्हणून चहा पाजला, त्याच्याबद्दल आता सगळ्यांची तक्रार होती की तो फार बोलतो. भिकंभटांनी तर घरात त्याच्याशी अबोला धरला. घराण्यात वाचा असलेल्या माणसांनी अबोला धरायचा आणि वाचा नसलेल्याने बोलायचे, अशी ती वेळ होती.

या आठ महिन्यांत त्याच्यात जो बदल झाला तो मला ओट्यावर बसून दिसला. तो बोलू लागला. वाण्याकडे, न्हाव्याकडे, पोस्टात, सगळीकडे. अवघड शब्द टाळून सोपा शब्द घेण्याची त्याची जुनी चलाखी त्याने सोडली. पूर्वी तो "पाणी" म्हणता येईना म्हणून "तहान लागली" म्हणे. आता "प... प... पाणी" म्हणे आणि पाणी येईपर्यंत समोरच्याच्या तोंडाकडे पाहत राही. मी विचारले, लाज वाटत नाही का?

"वा... वाटते," तो म्हणाला. "पण मुका असताना ज... जास्त वाटायची. ती फक्त दि... दिसत नसे."

त्याला काम दिले ते लक्ष्मण तोलाऱ्याने. हा म्हातारा बाजारातला मुख्य वजन करणारा. डोळे अधू झाले होते, हाताखाली भरवशाचा माणूस हवा होता. लोक म्हणाले, लक्ष्मणदादा, तो तोतरा आहे. म्हातारा आईमाईवरून बोलणारा होता. ते शब्द गाळून सांगतो. "काटा बी थरथरतोच की रं. म्हणून काय फेकून देतो का आपण? थांबला की वाचायचा."

तोलाऱ्याच्या कामात दोन भाग असतात. ढेपा किंवा पोती एकामागून एक काट्यावर येत असताना तो मोठ्याने चालीवर मोजतो. पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात: "लाभ रे लाभ, दोन रे दोन." हे गाणेच असते, आणि त्यात पुरुषोत्तम कधी अडला नाही. आवाज तर असा की बाहेर रस्त्यावर लोक थांबत. त्यामुळे आमच्या शहरातल्या शहाण्यांना पुन्हा उपाय सुचू लागले. एक निवृत्त मास्तर खास येऊन म्हणाले, "अरे, गाताना अडत नाहीस, तर बोलतानाही चालीवरच बोलत जा. सोपा इलाज आहे."

"मी... मीठ मागतानाही गाऊ का?" पुरुषोत्तम म्हणाला. मास्तर रागावून गेले. इलाज नाकारणाऱ्या रोग्याइतका शहाण्या माणसाला कोणाचाच राग येत नाही.

दुसरा भाग बोलीचा. मोजणी संपली की घेणारा आणि देणारा दोघांसमोर तोलारी एकूण वजन साध्या बोलण्यात सांगतो. ही बोली चालीवर सांगायची नसते. तोलाऱ्याच्या तोंडून निघाली की सौदा बांधला गेला. दुसऱ्या कोणी सांगितलेले वजन लागू नाही. इथे पुरुषोत्तम अडे. सुरुवातीला लोक अंदाज सांगत. कोणी मध्ये बोलला की तो थांबे आणि बोली पुन्हा पहिल्यापासून धरी. तीन-चार सौद्यांत व्यापाऱ्यांना कळले की गप्प राहणे स्वस्त पडते. मग गुळाचा बाजार, जिथे दोन माणसे कधी एकमेकांचे पुरे ऐकत नव्हती, तो दिवसातून चाळीस वेळा एका तोतऱ्यासाठी तोंड मिटून उभा राहू लागला. नारायणशेटही. त्यांना ते फार जड जाई. चेहऱ्यावर आभाराचे भाषण तयार असे आणि जागा मिळत नसे.

भिकंभट बाजारात फिरकत नसत. ब्राह्मणाने तराजू धरावा हे त्यांना मान्य नव्हते. पुतण्या महिन्याला चौदा-पंधरा रुपये घरी देऊ लागला तेव्हा त्याबद्दलही शास्त्र निघाले.

मी १९३७ साली सिन्नरला गेलो. पुरुषोत्तम पुन्हा एकदाच दिसला, पुढच्या वर्षीच्या मार्गशीर्षात. मुलीच्या लग्नासाठी मी नाशकात सुरगाण्याकडचा तांदूळ घेतला. विकणाऱ्याने सहा मण म्हणून सांगितला होता. मी म्हटले, काट्यावर घालून घेऊ. लक्ष्मण तोलारी तोवर वारला होता. काट्याशी पुरुषोत्तम होता, तिशीतच केस पिकायला लागलेले, पोट थोडे सुटलेले. त्याने मला ओळखले, पण मोजणी चालू असताना तोलारी ओळख दाखवत नाही.

टांगा बाहेर उभा होता. सिन्नरच्या शेवटच्या मोटारीला थोडाच अवकाश होता. पोती झाली. विकणारा आणि मी समोरासमोर उभे राहिलो.

"दि... दिवाणजी, तुमचा तांदूळ, प... प..."

"साहेब, मोटार सुटंल," टांगेवाला दारातून म्हणाला. "सहा मणच हाय म्हणा की त्यांना."

पुरुषोत्तमाने हात वर केला, श्वास घेतला आणि पुन्हा "दिवाणजी" पासून सुरुवात केली. टाच आपटत नव्हती आता. डोळा मिटत होता. विकणारा दुसरीकडे पाहत होता. मी उभा राहिलो.

"पाच मण, अ... अडतीस शेर."

दोन शेरांचे पैसे विकणाऱ्याने कापून दिले. मोटार गेली, टांगेवाल्याला खोळंब्याचे दोन आणे द्यावे लागले. तोलाई सहा आणे, रोख, पुरुषोत्तमाच्या हातात.